खवल्या मांजर आणि आमचा शेठ

हनीफभाई पोत्यापुढं उकिडवे बसले, तेव्हाच मला कळलं की आता काही खरं नाही.

मी रस्त्याच्या पलीकडं चहाच्या टपरीवर बसले होते. गाव लासूर स्टेशन, वेळ भर दुपारची, ऊन मी म्हणत होतं. कानात इयरफोन. हनीफभाईंच्या खिशातला फोन चालू ठेवलेला होता, त्यामुळं तिकडचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता. ते बसले होते एका बंद गोदामाच्या सावलीत, समोर दोन पोरं आणि एक पोतं. पोत्यात खवल्या मांजर.

मी वनखात्यात रेंजर आहे. एका भागातलं जंगल, त्यातली जनावरं आणि त्या भागातली सगळी भांडणं माझ्याकडं. हनीफभाई आमचे ड्रायव्हर. त्या दिवशी मात्र ते ‘शेठ’ होते. चोरटा व्यापार पकडायचा तर आमचाच माणूस गिऱ्हाईक बनून जातो. हनीफभाईंचं पोट शेठला शोभणारं, बोटात दोन अंगठ्या, आवाज भारदस्त. ऑफिसात दुसरं कुणी शेठसारखं दिसतच नव्हतं. बाकी सगळे उसनवारीवाले दिसतात.

खवल्या मांजर म्हणजे मांजर नव्हे. अंगभर खवले असलेला, मुंग्या-वाळवी खाऊन जगणारा एक गरीब जीव. भ्यालं की अंगाचं वेटोळं करून बसतं. बिबट्याला ते वेटोळं उलगडता येत नाही, पण माणूस सरळ उचलून पोत्यात घालतो. खवल्यांचं औषध होतं या समजुतीपायी हा प्राणी संपत चाललाय. खवला आपल्या नखाच्याच जातीचा असतो. गावोगावी मी सांगते, एवढंच गुणकारी असेल तर न्हाव्याकडं जा, स्वतःची नखं कापा आणि काढा करून प्या. लोक हसतात. मला हसू येत नाही.

पोरं किरकोळ होती. मला हवा होता त्यांच्या मागचा दलाल. वर्षभर त्याच्या मागावर होतो आणि दरवेळी तो निसटत होता. तो परवा माल उचलायला स्वतः येणार, अशी खबर होती. आमच्या डीएफओ साहेबांनी, म्हणजे विभागाच्या वनाधिकाऱ्यांनी, सकाळीच बजावलं होतं, “मॅडम, आज नुसतं बघायचं. जनावर खरं आहे एवढी खात्री करायची आणि परत यायचं. परवा सगळे एका जाळ्यात घेऊ.”

मी ते हनीफभाईंना तीनदा सांगितलं. “समझ गया मॅडम,” ते म्हणाले. “वजन विचारतो, नाक मुरडतो, निघतो.”

इयरफोनमध्ये पोत्याची दोरी सुटल्याचा आवाज आला. मग हनीफभाईंचा आवाज आला, पण शेठचा नव्हे, घरातल्या चाचांचा.

“अरे बेटा, याला पाणी दिलं का?”

मी चहा खाली ठेवला.

“शेठ, वजन बघा की,” एक पोरगा म्हणाला. त्याचं नाव गणेश. घरची शेती, स्वतः वाळूजला कंपनीत. विहिरीच्या कडेचा ढिगारा उपसताना त्याला हे जनावर सापडलं होतं.

“वजन राहू दे. नाक बघ त्याचं, सुकून गेलंय. हलत पण नाही. खायला काय घातलं?”

“भाकरी टाकली, दूध ठिवलं. तोंडच लावत नाय.”

“भाकरी? याला भाकरी?” हनीफभाईंचा आवाज चढला. “मुंग्या खातं रे ते! दात तरी आहेत का त्याला? पोतं सैल कर, हवा लागू दे.”

दुसरा पोरगा, गणेशचा मावसभाऊ, तो तिखट होता. म्हणाला, “शेठ, तुमी जनावर घ्यायला आले का सोयरीक जमवायला? फॉरेस्टचे हायेत का काय?”

अशा वेळी काय करायचं हे आम्ही शिकवलेलं असतं. हसायचं, शिवी हासडायची, उठून चालू लागायचं. हनीफभाई म्हणाले, “हां, फॉरेस्टचाच आहे. आता पाणी आण जा. पळ!”

वर्षाची मेहनत एका वाक्यात पाण्यात गेली. मावसभावानं मोटरसायकलला किक मारली आणि तो दिसेनासा झाला. दलालाचा नंबर त्याच्याच फोनमध्ये होता. माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गणेशही पळाला. पण सरळ माझ्या टपरीकडं. धापा टाकत म्हणाला, “मामा, थंड पाण्याची बाटली द्या लवकर.”

मी उठून त्याचं मनगट धरलं. “थंड नको, साधी घे. आणि चल.”

“तुमी पण फॉरेस्टच्या?”

“मी पण.”

नंतर मी त्याला विचारलं, बाबा, तू पळून का नाही गेलास? मान खाली घालून म्हणाला, “चाचा म्हणले पाणी आण. मोठ्या माणसानं पाणी मागितल्यावर पाय आपोआपच निघतात ओ.” गुन्हा मात्र नोंदवला. तिथं दयामाया करून चालत नाही.

टपरीवाल्यालाच पंच केलं, म्हणजे त्रयस्थ साक्षीदार. दुसरा पंच शेजारचा हमाल. इकडं पंचनामा चालला होता आणि तिकडं हनीफभाई बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन पोत्याशी बसले होते. बऱ्याच वेळानं वेटोळं थोडं सैल झालं, दोऱ्यासारखी लांब जीभ बाहेर आली आणि पाणी संपलं. हनीफभाईंनी मला नुसतं रिकामं झाकण दाखवलं. खरं सांगते, माझा राग तिथंच उतरला.

साहेबांचा नव्हता उतरला. “वर्षभराचं काम घालवलं तुमच्या ड्रायव्हरनं!”

“सर, ते परवापर्यंत जगलं नसतं. जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.”

“मेलं असतं तरी दलाल आलाच असता, मॅडम. त्याला खवलेच हवेत. केसला जिवंत काय आणि मेलेलं काय, सारखंच.”

बोलून झाल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “कुठं ठेवलंय? चला, बघू.”

मग आमच्या ऑफिसची जी तारांबळ उडाली ती काय सांगू. अख्खा स्टाफ मुंग्या शोधत फिरत होता. हेडक्लार्क आंब्यावर चढले आणि शर्टात लाल मुंग्या घेऊन नाचत खाली आले. कोर्टाची परवानगी मिळाली तसं आम्ही त्याला कन्नडच्या डोंगरात सोडलं. मागं वळून न बघता ते एका बिळात शिरलं. हनीफभाई मात्र गाडीत बसेपर्यंत वळून वळून बघत होते.

दलाल अजून मोकळा आहे. परवा पुन्हा खबर आली, पुन्हा शेठ हवा. साहेब म्हणाले, “हनीफ अजिबात नको. मनानं घट्ट माणूस द्या.”

मी एकेकाचं नाव घेतलं आणि ते एकेकाला नाही म्हणत गेले. शेवटी वैतागून म्हणाले, “राहू द्या, मीच जातो शेठ बनून.”

दारापर्यंत गेले आणि थांबले.

“मॅडम, आधी जरा खबऱ्याला विचारून घ्या. त्या जनावराला पाणी ठेवलंय का?”

शेठ कोण, ते अजून ठरायचं आहे.