गुवाहाटीवरचे चाक

माझ्या एका खोट्याविषयी मी गेली सात वर्षे कुणापाशी बोललो नाही. ज्या माणसाच्या वाट्याला त्या खोट्याची शिक्षा आली, त्याच्याइतका रागीट माणूस सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झालेला नाही. सकाळी उठून लोक देवाचे नाव घेतात. हे कुणावर तरी चिडत आणि मगच चूळ भरत. विट्याजवळच्या एका गावात, सातवीपर्यंतच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवीत आणि मी मुख्याध्यापक होतो. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. मीही तेच म्हणतो.

त्यांचा राग माणसांवर थोडा आणि भूगोलाच्या बेअदबीवर फार. एकदा एका लग्नपत्रिकेच्या मागे मंगल कार्यालयाचा नकाशा छापला होता. गुरुजी लग्नाला गेले ते अक्षता टाकायला नव्हे, तर थेट वधूपित्याला गाठायला. "आवं, येरळा नदी उलटी वाहवलीया तुमी! ह्या नकाशानं वऱ्हाड पोचंल कुठं?" मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "गुरुजी, वऱ्हाड पोचलंय. जेवाय बसलंय." यावर गुरुजी अधिकच भडकले आणि त्या भरात जिलेबीची दोन ताटे संपवून आले. राग आला की पुस्तकी मराठी त्यांना सोडून जाई, आणि राग तर नेहमीच आलेला असे. मुलांवर मात्र त्यांनी कधी हात उगारला नाही. फार संताप झाला की ते हातातला खडू मोडत. महिन्याचे खडू पंधरवड्यातच संपत आणि आम्हाला नवे मागवावे लागत.

त्यांचे खरे वैर होते भिंतीवरच्या नकाशाशी. नकाशा भिंतीला टांगला की "उत्तर कुठं?" या प्रश्नावर वर्गातली सगळी बोटे छताकडे जात. "छताकडं? म्हंजे दिल्लीला शिडी लावून जायाचं व्हय रं?" असे गरजून त्यांनी एक दिवस तो नकाशा गुंडाळून कपाटात कोंबला आणि माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. "हेडमास्तर, पटांगण पायजे. अख्खं." मी म्हणालो, "घ्या." परवानगी एवढीच, कागद ना सही.

त्यांनी होकायंत्र लावून, उत्तरेला उत्तर ठेवून, मैदानाच्या पांढऱ्या फक्कीने पटांगणभर भारत आखला. आमच्या भागातले निम्मे बाप गलाईवाले, म्हणजे देशभरच्या शहरांत सोने गाळण्याची दुकाने चालवणारे. गुरुजींनी प्रत्येक मुलाकडून एकेका दगडावर बापाचे नाव रंगवून घेतले आणि तो दगड बापाच्या गावी ठेवायला लावला. माझा मुलगा तेव्हा हैदराबादला शिकत होता. एका दुपारी पटांगणात कुणी नाही असे पाहून मीही एक दगड ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तो वीतभर सरकवला. "पोराला नदीत बसवलाय तुमी," एवढेच चिडून म्हणाले.

मग त्यांनी सूर्योदयाचा उद्योग काढला. दर शनिवारी बापांनी पहाटे उठून सूर्य उगवल्याची वेळ फोनवर कळवायची. गुवाहाटीच्या गलाईवाल्याची बायको तक्रार घेऊन शाळेत आली. "आवं गुरुजी, त्यो लगनात बी येळंवर उठला न्हवता. आता अंधारात फोन करून सूर्य सांगतोय." पण तक्रार सांगताना ती हसत होती, कारण सूर्य सांगून झाल्यावर तो तिच्याशीही घटकाभर बोले. राजकोटवाल्याच्या मुलाने विचारले, "आमच्या पप्पांकडं दिवस उशिरा का येतो?" गुरुजींना इतका आनंद झाला की ते संतापले. "आरं, ह्येच इचारायचं! इतकी वर्सं काय झोपला हुतास?" तो मुलगा अकरा वर्षांचा होता.

अशातच एक विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि त्यांच्या चालकाने जीप सरळ नकाशावर उभी केली. गुरुजी वर्ग टाकून धावत सुटले. "आदी गाडी काढा! चाक गुवाहाटीवर हाय!"

"कशावर?" अधिकाऱ्यांनी काच खाली केली.

"गुवाहाटीवर! हिचा बाप हाय तिथं!"

सहावीतली ती मुलगी फुटलेल्या दगडाचे तुकडे ओढणीत गोळा करत होती. पटांगणातली मुले हसली, चालकही हसला, आणि अधिकाऱ्यांचा चेहरा काळा पडला.

कार्यालयात बसल्यावर त्यांनी मला विचारले, "हा पसारा कुणाच्या परवानगीने?" केंद्रप्रमुखपदासाठी माझे नाव त्यांच्याच हातून पुढे जायचे होते. मी म्हणालो, "मला विचारले नव्हते, साहेब."

गुरुजी दारातच उभे होते. आता छप्पर उडणार, या धास्तीने मी खाली मान घातली. काहीच झाले नाही. लग्नपत्रिकेवरून आकाशपाताळ एक करणारा तो माणूस माझ्याकडे एकदा पाहून वर्गात निघून गेला. ते ओरडले असते तर मी सुटलो असतो. तेव्हा मला त्यांच्या गप्प राहण्याचाच संताप आला. तो संताप माझ्या स्वतःकडे वळायला फार दिवस लागले नाहीत, आणि अजून तो उतरलेला नाही.

पटांगण माझ्या लेखी आदेशाने झाडले गेले. मुलांनी आपापले बाप दप्तरात घालून घरी नेले. परवानगीविना पसारा मांडल्याबद्दल गुरुजींची बदली जतच्या पार टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर झाली. अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी गुरुजींच्या पत्नी, आमच्या वहिनी, तीन वर्षे एकट्या राहिल्या. मला बढती मिळाली. तिकडे गुरुजी भांडत भांडत कन्नड शिकल्याचे कानावर आले.

गेल्या महिन्यात मी साताऱ्याला त्यांच्या लेकीच्या घरी गेलो. निवृत्त गुरुजी हवामानाच्या बातम्यांवर खेकसत बसले होते. मला पाहून दूरदर्शनचा आवाज त्यांनी कमी केला, एवढेच. वहिनींनी चहा दिला आणि जुना विषय निघताच त्या नेहमीच्या लटक्या रागाने म्हणाल्या, "ह्यांचा सोभावच तसला हो. तुमास्नी एक शबुद इचारला असता, तर जत कशाला बघावं लागलं असतं? लेक बी ह्येच म्हनती. सासूबाई तर जाईस्तवर बोलत हुत्या." गुरुजींनी हातातल्या बिस्किटाचा चुरा केला.

सात वर्षे त्यांनी घरातसुद्धा माझे नाव घेतले नव्हते. आपल्या माणसांचे बोल ऐकत राहिले होते. हातातली कपबशी खाली ठेवून मी उभा राहिलो. आतल्या खोलीत असलेल्या लेकीलाही ऐकू जावे, इतक्या मोठ्याने मी आयुष्यात प्रथमच बोललो असेन.

"वहिनी, ह्यांनी मला विचारले होते. परवानगी मीच दिली होती. साहेबांपुढे मी खोटे बोललो आणि त्याची शिक्षा तुम्ही सगळ्यांनी भोगली. गुरुजी, माझे चुकले. मला क्षमा करा."