भिंतीतलं झुंबर

बसयूनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नमाज उरकून तो गोदामात यायचा आणि कुणाशी न बोलता आधी दोर तपासायला बसायचा. इजिप्तमधल्या दमनहूरच्या त्या कारखान्यात आम्ही दोघं कापसाच्या गाठी चढवायचो. गाठ कप्पीवरून वर, खाली आमची डोकी. म्हणून बसयूनी प्रत्येक दोर मुठीतून सरकवत टोकापर्यंत जायचा. एक पीळ उसवलेला लागला की दोर बाजूला. मुकादम ओरडायचा, "अरे, लग्न लावायचंय का दोराशी?"

बसयूनी म्हणायचा, "बायकोलाही एवढं बघून घेतलं नव्हतं."

हाच माणूस मुलीच्या घरात काय करून बसला, ते सांगतो.

त्याच्या मुलीचं, समाहचं, लग्न ठरलं. लग्नाआधी सासरच्या बायका नव्या घरात येऊन संसार बघणार होत्या. नुसता बघणार नाहीत, बटणं दाबून बघणार. नवऱ्याची आई हाज्जा दौलत यात पटाईत. थोरल्या सुनेचा मिक्सर फिरला नव्हता, ते ती अजून भाजी घेताना सांगते. बसयूनीने फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा हीटर, ओव्हन, इस्त्री, सगळं घेतलं होतं. राहिलं होतं दिवाणखान्याचं झुंबर. त्यासाठी अख्खा हंगाम तो दोन-दोन पाळ्या करत होता.

रीतीप्रमाणे घर नवरदेवाचं, आतलं सामान मुलीच्या बापाचं. संसार नवा, पण घराचं बांधकाम जुनं. भिंतीत धड सॉकेट एकच. बसयूनीने फेरीवाल्याकडून एक्स्टेंशन बोर्ड आणला. पांढरा, लाल दिव्याचा, भरपूर भोकांचा. वायर शेवईएवढी. उरलेली वायर त्याने आमच्या दोरासारखी सुबक गुंडाळून बांधली आणि वर गालिचा अंथरला.

"तार दिसली की घर गरीब दिसतं," तो म्हणाला.

बायका येण्याआधी एकदा तालीम झाली. पाहुणा म्हणून मला गालिच्यावर बसवलं. बसयूनीची बायको फिक्रिया हिने चहा दिला. मग सगळं एकदम सुरू झालं. मशीन फिरलं, ओव्हन लाल झाला, इस्त्री तापली. बसयूनी हात मागे बांधून ऐटीत फिरत होता.

"कसं वाटतंय?"

"उत्तम," मी म्हणालो. "गालिचा तर फारच ऊबदार. लोकर चांगली आहे."

"लोकर कुठली, नायलॉन आहे," फिक्रिया म्हणाली.

मग वास आला.

"शेजारीण मासे करपवतेय," बसयूनी म्हणाला.

"खालची-वरची दोन्ही घरं रिकामी आहेत," फिक्रिया म्हणाली.

मी उठलो. उठलो म्हणजे उडालो. मी बसलो होतो तिथूनच धूर येत होता. बसयूनी पाण्याची बादली घेऊन धावला.

"विजेवर पाणी ओतता? ठेवा ती खाली!" फिक्रिया ओरडली आणि दाराजवळचं मेन बटण तिने खटकन पाडलं.

गालिचा उचलला. त्याला भाकरीएवढं भोक पडलं होतं. खाली गुंडाळलेल्या वायरचा वितळून गोळा झाला होता.

"फेरीवाल्याने फसवलं," बसयूनी म्हणाला.

फ्रिज जिन्यातून चढवला होता तो दोर गॅलरीत पडला होता. फिक्रियाने तो आणला. एका हातात दोर, दुसऱ्या हातात जळकी वायर.

"अबू समाह," समाहचा बाप म्हणून ती त्याला अशीच हाक मारायची, "या दोराला एका वेळी किती गाठी लावता?"

"एक."

"आणि या धाग्याला?"

बसयूनीने फ्रिजकडे पाहिलं. मग मशीनकडे, हीटरकडे, ओव्हनकडे. इस्त्रीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं तोंड उतरलं होतं.

"मी मुकादम असते, तर तुम्हाला आजच घरी बसवलं असतं."

बसयूनी गालिच्याच्या भोकाशी उकिडवा बसला. "इथे पोरगी राहायला येणार होती," तो म्हणाला.

झुंबराचे पैसे वायरिंगला गेले. ते काम खरं तर नवरदेवाचं. बसयूनी म्हणाला, "भिंती त्याच्या, भार माझा."

पाळी संपवून तो स्वतः छिन्नी-हातोड्याने भिंतीत खाचा पाडायचा. मीही पाडल्या. वीट जुनी आणि बेरड होती, खांदे आठवडाभर बोलत होते. जोडणी मात्र इलेक्ट्रिशियन उस्ता रिफअतने केली. ओव्हन, हीटर, मशीन, प्रत्येकाला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर, वेगळा सॉकेट, अर्थिंगसकट. बसयूनीने नवी वायर मुठीतून सरकवत टोकापर्यंत तपासली.

"काका, वायर आहे ती, दोर नाही," रिफअत म्हणाला.

"भार घेणार ना? मग दोरच."

बायका आल्या. हाज्जा दौलतने दारातूनच आधी छताकडे पाहिलं. तिथे एक साधा बल्ब लोंबत होता.

"झुंबर कुठंय, अबू समाह?"

"भिंतीत."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गालिच्याचं भोक झाकायला काचेचं कपाट त्यावर सरकवलं होतं. त्यातल्या सोनेरी कपांच्या मधून बसयूनीने जाड वायरचा वीतभर तुकडा काढला. मखमलीवर ठेवला होता. दौलतने तो दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. सहज वाकेना.

"आता सगळी बटणं दाबा," बसयूनी म्हणाला.

तिने एकही सोडलं नाही. सगळं चालू झालं. तिने भिंतीला तळवा लावला. गार. गालिच्याचा कोपरा उचलला. खाली फरशी.

मग ती हळूच म्हणाली, "आमच्या गालिच्याखाली एक आहे. पांढरा."

"लाल दिव्याचा?"

"हो."

"वायर गुंडाळून ठेवलीय?"

"मग काय, घरभर पसरू?"

बसयूनी तोवर चपला घालत होता.

समाहच्या दिवाणखान्यात अजून बल्बच आहे. तिच्या बापाची हंगामाची कमाई भिंतीत, रंगाखाली गेली. वीतभर तेवढी कपाटात आहे, चांगल्या कपांच्या मधोमध.