सारवलेला कातळ

आमचे भागोजीकाका थापा मारतात, असं आंबेनळी घाटाखालची त्यांची अख्खी वाडी मानते. त्यात अन्याय नाही. एका माणसाने किती वाघ पाहावेत, याला काही मर्यादा असते. पण गेली तीन वर्षं ते एक गोष्ट शपथेवर सांगत होते. भातं पोटरीला आली की वाडीमागच्या ओढ्यावर एक काळं फुलपाखरू येतं, पंखांवर पिवळसर पट्टा आणि मागे दोन शेपट्या. शेपट्यांचं ऐकून लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्याने हसायच्या त्या काकांच्या घरच्याच, आवडीकाकू. बाकीच्यांचं हसणं काकांनी पचवलं होतं, हे मात्र त्यांना लागायचं.

म्हणून मी महाडच्या निशिगंधाताईंना गाठलं. त्या कॉलेजात शिकवतात आणि सुट्टीला दुर्मीळ फुलपाखरांचं चित्रीकरण करत डोंगर पालथे घालतात. वर्णन ऐकून त्या म्हणाल्या, हा काळा राजा असणार, सडक्या खेकड्याच्या वासावर येतो. काकांनी लगेच खेकडे पकडून ठेचले, ओढ्याकाठच्या कातळावर कुजत ठेवले आणि रोज वास घेऊन मला फोनवर प्रगती कळवली.

रविवारी आम्ही पोहोचलो. काकांनी वाटेतच दम भरला की ओढ्यावर कोणी ब्रसुद्धा काढायचा नाही. कातळ दिसला आणि पहिला ब्र त्यांच्याच ओठांवर आला. खेकडे गायब. कातळ शेणाने स्वच्छ सारवलेला, वर रांगोळी, शेजारी काकू कोपरापर्यंत शेणात. महाडची पाहुणी बसणार तिथे ही घाण कशाला, म्हणून त्यांनी सकाळपासून खपून खेकडे ओढ्यात लोटले होते.

काकांचा चेहरा जांभळा झाला. बोलायला बंदी त्यांचीच, त्यामुळे सगळ्या शिव्या त्यांनी हातवाऱ्यांनी दिल्या. काकूंना ते कौतुक वाटलं. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटत होतं, कारण ताई कॅमेरा पिशवीत घालू लागल्या होत्या.

तेवढ्यात वरच्या झाडावरून काहीतरी काळं सपकन खाली आलं. रांगोळीवरून एक फेरी मारून ते थेट काकूंच्या शेणाने माखलेल्या मनगटावर बसलं. पिवळसर पट्टा, मागे दोन शेपट्या. शेणही आवडतं त्याला, असं पुटपुटत ताई गुडघ्यांवर बसल्या आणि कॅमेरा सुरू केला.

अकरा मिनिटं काकू हलल्या नाहीत. नाकावर डास बसला, तरी नाही. फुलपाखराकडे टक लावून पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी खरं बोलत व्हतात."

 काकांचे डोळे भरून आले.

त्या चित्रणात काकूंचा आवाजही आलाय. काका हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला ते मोबाइलवर दाखवतात. फुलपाखराचा भाग भराभर पुढे ढकलतात आणि त्या वाक्याशी आले की आवाज मोठा करतात.