शेवंताच्या जागेवरचे हातमोजे

भूत-बित मी मानत नाई. गावात कोणाच्या अंगात आलं का मी उठून घरी जातो. शाळा चौथीपर्यंत, चुकलं तं सांभाळून वाचा.

मोहर्लीकडच्या आमच्या टेकडीवर माही बायको शेवंता मोह वेचाले गेली अन् वाघानं तिले नेलं. आमच्याकडं रीत हाय — वाघानं माणूस मारला त्या जागेवरून जाणारानं एक गोटा नाईतर हिरवी फांदी ठेवाची. रिकाम्या हातानं पुढं जाचं नाई. पाहता पाहता तिथी माह्या कमरेएवढा ढीग झाला.

मंग रिसॉर्टवाले आले. उतारावर पांढऱ्या प्लास्टिकच्या चटया टाकल्या. शहरातले लोक पायाले लांब पट्ट्या बांधून वरून घसरत येतात, त्याले स्की म्हणतात. बर्फाचा पत्ता नाई अन् भर उन्हाळ्यात हातमोजे घालून हे घसरतात. शेवंताचे गोटे जेसीबीनं उचलून रस्त्याच्या भरावात टाकले. मले कोणं विचारलं नाई.

मी भांडाले गेलो. उताराभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेरच अडवलं. मॅनेजर म्हणे, "बाबा, दगडच तर होते."

"तुह्या मायचे असते तं?"

तेवढ्यात वरून एक बाई घसरत आली. ढीग होता बराबर तिथीच थांबली... वाकली, एक हातमोजा काढून खाली ठेवला अन् निघाली. मागून तिचा नवरा आला. त्यानंही ठेवला. मंग एका पोरीनं केसातला चाप काढून ठेवला. कोणी कोणाकडं पाहिलं नाई.

बाई खाली आल्यावर मॅनेजरनं विचारलं, "मॅडम, ग्लव्ह का टाकला?"

तिनं आपल्या उघड्या हाताकडं पाहिलं. "मी कुठे टाकला? आत्ता तर हातात होता..."

मॅनेजर माह्यावर आला. "बाबा, तुम्ही यांना काही शिकवून ठेवलंय का?"

"मले दोरीच्या आत तरी सोडता का तुम्ही?"

गेटवरचा गार्ड आमच्याच गावचा. हळूच म्हणे, "भाऊ, हे रोजच होऊन राह्यलं. मी सांजेले पोत्यात भरून फेकतो."

"तूही फेकतो? तुले तं रीत माहीत हाय ना रे?"

त्यानं जवळचं पोतं पायानं मागं सारलं.

त्या लोकाईले तिथी कोण थांबवते, मले आजपर्यंत समजलं नाई. शेवंता म्हणावं तं तिनं जितेपणी कोणाले काही मागतलं नाई. अन् समजलं तरी माहा राग जाणार नाई. तिले हातमोजे नको. तिचे गोटे आणून द्या.