अभ्रकाचा तुकडा

"धाग्यांनीच वीज दिली, मधुमतीताई! आकडा समोर दिसतोय!"

"आकडा दिसतोय हो सर. पण तो धाग्यांचा नाही."

"मग काय माझ्या सासऱ्यांचा?"

"वायरींचा."

डॉ. अनिरुद्धांनी पेन आपटलं. शोधनिबंध आज संध्याकाळी पाठवायचा होता आणि प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ त्यांना अडवत होती! "तुमचं काम धागे काढायचं. मोजायचं माझं." त्यांनी मोजणीच्या खोलीची किल्ली खिशात टाकली.

धागे काढावेत ते मधुमतीनंच. नवऱ्याची विमा कंपनीतली बदली म्हणून ती इचलकरंजीहून जयपूरला आली आणि विद्यापीठात चिकटली. हजारो व्होल्टच्या ओढीनं सुईतलं द्रावण केसाहून कितीतरी बारीक होऊन ड्रमवर बसायचं. पण २००८चा तो मे महिना! थेंब सुईच्या तोंडाशीच वाळायचा. तिनं जुन्या शहरातून, चारदीवारीतून, खसचे म्हणजे वाळ्याचे पडदे आणले, भिजवून टांगले, तेव्हा कुठं धागा सुटला. त्यात दोन पदार्थ: एक चुंबकानं किंचित आकसतो, दुसरा दाबला की वीज देतो. दोघांचं जमून चुंबकानं वीज उठते का, याचीच ती आठ महिने वाट पाहत होती. म्हणून तर खोटा आकडा तिला नको होता.

"वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं, सर. कॉइलपाशी वायरीचा फेरा मोकळा सोडला की त्यातच वीज उठते. धाग्यांच्या जागी हा अभ्रक ठेवा. त्याला चुंबकाचं काय?"

"वेळ नाही."

"दोन मिनिटं. चुकले तर या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही."

सरांनी अभ्रक ठेवला, चुंबकाची कॉइल चालू केली. आकडा जवळजवळ तेवढाच!

सर खुर्चीत बसले. "मतलब... आठ महिने पाण्यात."

"धागे कुठं मेलेत?" मधुमतीनं दोन्ही वायरी वेणीसारख्या घट्ट पिळल्या. अभ्रक: शून्य. मग धागे ठेवले. आकडा उठला! पहिल्याचा दहावा हिस्सा, पण ठाम. चुंबक वाढवला, चढला. कमी केला, उतरला. पुन्हा अभ्रक: शून्य. पुन्हा धागे...

"आला! मधुमतीताई, आला!" सर लहान मुलासारखे ओरडले.

मग त्यांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "उद्यापासून मोजायलाही तुम्हीच. बसाल ना?"

मधुमतीनं अ‍ॅप्रन खुंटीला अडकवला, किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ताठ मानेनं बाहेर पडली.