व्याह्यानं धाडलेलं घोडं

परवा फलटणवरून जाताना साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास गाडीत शिरला आणि मी पुन्हा आठ वर्षांची झाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आई मला मेढ्याहून इथं फलटणला मामाकडे सोडून गेली होती. मामी मला आईपेक्षाही आवडायची. एका दुपारी ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "आवं, काय सांगू, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!"

घोडं! मी परसात धावले, गोठ्यात वाकून पाहिलं. मग येऊन मामीलाच विचारलं, "मामी, घोडं कुठं बांधलंय?"

काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मामेभाऊ ओरडला, "अगं येडे, तूच की घोडं!"

मामी हसली नाही. तिनं मान खाली घातली, तेव्हा मला कळलं की तो खरं बोलतोय.

आज समजतं, तिची चार पोरं, त्यात मी पाचवी. बाई दमली होती. त्या दिवशी एवढंच समजलं, की मी तिथं जास्तीची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं हाक मारली, "ये गं, वेणी घालते."

"माझी मी घालते," मी म्हणाले. खरं तर मला वेणी घालता येत नव्हती.