केळवणाला खरूज

आमच्या घरी खरूज आली ती युट्रेख्टहून, रेल्वेने, सेकंड क्लासने.

तिला घेऊन आली आमची कन्या सई. ती युट्रेख्टला शिकते, पाच मैत्रिणींसोबत एका घरात राहते आणि सुट्टीला नेदरलँड्समधल्याच न्यूनेनला, आमच्या घरी, आली की आजीच्या गोधडीत गुरफटून लोळते. (आजी म्हणजे माझी आई. गोधडीसकट पुण्याहून आलेली.) त्या दिवशी दुपारी सईचा फोन आला.

"बाबा, डोन्ट पॅनिक. आमच्या घरात सगळ्यांना स्केबीज झालंय. मलाही. क्रीम लावलंय. तुम्ही पण डॉक्टरला विचारा."

फोन न ठेवताच मी त्यावर अर्थ शोधला. खरूज! युरोपात! अख्खं बालपण पुण्यात मातीत लोळलो तेव्हा झाली नाही, आणि आता?

"कुणाला सांगितलं तर नाहीस ना?"

"ऑफ कोर्स सांगितलं! सगळ्यांना!"

आमच्या खानदानातली अब्रू ही वस्तू या पोरीच्या वाट्याला आलेलीच दिसत नाही.

बरं, दिवस कुठला? तर अद्वैतच्या केळवणाचा! अद्वैत माझा मावसभाऊ, इथेच स्लोटरडाइकला नोकरीला. दुसऱ्या दिवशी तो लग्नासाठी पुण्याला उडणार होता. भाड्याची खोली सोडून तो आमच्याकडे मुक्कामाला आला होता, आणि सई परवा परत गेल्यापासून झोपत होता त्याच गोधडीत! म्हणजे नवरामुलगा नुसती शेरवानी घेऊन जाणार नव्हता तर!

मी हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या आमच्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन लावला. तिकडून सांगितलं, येऊ नका, डॉक्टरीणबाई व्हिडिओवर बोलतील. खाली ताटाभोवती रांगोळी काढणं चाललेलं, म्हणून मी वरच्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घेतली.

"त्या मुलीच्या अंथरुणात किंवा पांघरुणात कोण कोण होतं?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं.

"फक्त घरातलेच. मी, बायको, आई."

दारावर थाप पडली. "अरे, अद्वैतचं सांगितलंस का? तोच घेतो ना ती गोधडी!"

आई दाराला कान लावून होती! मी कडी काढली तशी ती थेट स्क्रीनसमोर येऊन उभी राहिली. बँकेत नोकरी केलेली बाई, इंग्रजीला घाबरत नाही.

"तुम्हाला खाज येते का?" डॉक्टर म्हणाल्या.

"मघापर्यंत नव्हती. तुम्ही विचारलंत आणि सुटली!"

ती कोपर खाजवायला लागली, ते बघून मी पोट खाजवायला लागलो, आणि आम्हाला बघून डॉक्टरांचा हात हळूच मानेकडे गेला.

"अगं बाई!" आई किंचाळली. "व्हिडिओवरून पण पसरते?"

डॉक्टरांनी हात झटकन खाली घेतला आणि स्पष्ट सांगितलं. खाज सुटायला काही आठवडे लागू शकतात, तेवढी वाट बघायची नाही. सगळ्यांनी आज एकाच वेळी मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत क्रीम लावायचं. आणि त्या नवऱ्यामुलाला विमानात बसायच्या आधी सांगायचं.

मी जिन्यातच बायकोला, मीनलला, गाठलं. "लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू."

"शुद्धीवर आहेस का? त्या नवऱ्यामुलीचा, मृण्मयीचा काय दोष? नव्या संसाराला ही भेट द्यायची?" ती इतकी चिडली, की हातात लाटणं असतं तर ते माझ्यावरच आलं असतं. "आत्ता जा! आत्ता सांग!"

मी खाली गेलो. अद्वैत पाटावर बसून पुरणपोळी खात होता. मी डोळे मिटले आणि एका दमात सगळं ओकलो. "अद्वैत, सईला खरूज झालीय, तू तिच्याच गोधडीत झोपलास, तुलाही होऊ शकते, तुझ्यामुळे मृण्मयीला होऊ शकते, आज क्रीम लावल्याशिवाय तू लग्नाला जायचं नाहीस!"

अद्वैतच्या ताटापलीकडे पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला फोन बोलला.

"कुणाला खरूज?"

मृण्मयीचे वडील! मागे तिची आई, आत्या, दोन काका, आणि मधोमध खुद्द नवरी. सगळे पुण्याहून केळवण लाइव्ह बघत होते!

आधी हसली ती मृण्मयी. "दादा, बरं झालं आत्ताच सांगितलंत," ती म्हणाली. "लावा त्याला क्रीम. चांगलं चोपडा!"

"हळदीआधीच अंग माखणार म्हणायचं," माझी आई पदर खोचत म्हणाली. "उष्टी हळद पाठवतात तसं थोडं उरवून तिकडे पाठवू का गं?"

"नको!" पुण्याहून एकमुखाने उत्तर आलं.

लग्न थाटात झालं. आम्हीही गेलो. कार्यालयात माझी ओळख मृण्मयीच्या वडिलांनी "हेच ते नेदरलँड्सचे" अशी करून दिली, आणि समोरच्यांनी पुढे केलेले हात मागे घेऊन लांबूनच नमस्कार केले. मी मेल्याहून मेल्यासारखा कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो.

जेवणं झाल्यावर मृण्मयीच्या आत्याबाई हळूच शेजारी येऊन बसल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ब्लाउजची बाही वर केली. "जरा बघता का हो हे?" त्यांच्यामागे एक काका उभे होते. काकांच्या मागे आणखी कोणीतरी.

सॉफ्टवेअरमध्ये केस पांढरे केले, पण माझा सल्ला घ्यायला अशी रांग कधी लागली नव्हती. पहिल्यांदा मी संकोचलो. तिसऱ्या पेशंटपर्यंत मात्र मी चष्मा नाकावर सरकवून "रात्री जास्त खाजतं का?" असं विचारायला लागलो होतो.